घरचे आरोग्य : अब्बा रात्री किती वेळा उठतात?

घरातल्या वयस्कर पुरुषाला रात्री किती वेळा उठावे लागते, हे घरात सगळ्यांना माहीत असते. कडी वाजते, दिवा लागतो, बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतो. अम्मीला ते ऐकू येते, सुनेला ऐकू येते, परीक्षेसाठी जागणाऱ्या नातवालाही ऐकू येते. डॉक्टरांना मात्र याचा पत्ता नसतो, कारण अब्बा सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

या महिन्यात त्याच विषयावर लिहायचे आहे. बायकांच्या दुखण्यांवर घरात उशिरा का होईना, बोलणे सुरू झाले आहे. पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी अजूनही लुंगीच्या गाठीत बांधलेल्या आहेत. त्या सोडवण्याचे अर्धे काम घराचे आहे आणि अर्धे डॉक्टरांच्या शिक्षणाचे. आपले नाशिक तर राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणाचे मुख्य ठाणे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय म्हसरूळजवळ दिंडोरी रस्त्यावर आहे. एमबीबीएस असो, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी की नर्सिंग, राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांचा कारभार आणि परीक्षा इथून चालतात. तेव्हा डॉक्टरांना काय शिकवले जाते, हा प्रश्न नाशिककरांनी विचारला तर तो घरचाच प्रश्न आहे.

नेमका त्रास कोणता?

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर दहापैकी आठ-नऊ जणांत ही वाढ दिसते. ही साधी वाढ कर्करोग नव्हे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी टाळता येत नाही.

तक्रारी तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार लघवी साठवण्याचा: वारंवार जावे लागणे, रात्री उठावे लागणे, एकदम घाई होऊन कपड्यात होणे. दुसरा प्रकार लघवी बाहेर टाकण्याचा: बसल्यावर सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक होणे, मध्येच तुटणे, कुंथावे लागणे. तिसरा प्रकार नंतरचा: पूर्ण झाली नाही असे वाटणे, उठल्यावर थेंब गळणे.

आपल्याकडे हे सगळे दोनच शब्दांत गुंडाळले जाते. जळजळ असेल तर 'उन्हाळी लागली' आणि बाकी काही असेल तर 'उमर झाली'. उन्हाळीवर सब्जा आणि धण्याचे पाणी, उमरेवर सब्र. सब्र मोठी गोष्ट आहे, पण ज्या आजाराला इलाज आहे त्यावर इलाज न करणे म्हणजे सब्र नव्हे.

शिवाय प्रत्येक तक्रारीचे मूळ प्रोस्टेटमध्येच असते असेही नाही. मधुमेहात साखर वाढली की लघवी वाढते. हृदय कमजोर असेल किंवा पायांना सूज असेल तर दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडते. झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसालाही रात्री लघवी जास्त होते. कमी वयात धार बारीक झाली असेल तर नळी आकुंचन पावलेली असू शकते. आधी कधी लघवीची नळी घातलेली असेल किंवा जंतुसंसर्ग झालेला असेल तर विशेषच. मूत्राशयाचा क्षयरोग असतो, खडा असतो, पक्षाघात किंवा मणक्याच्या दुखण्याने मज्जातंतू बिघडलेले असतात. सर्दीच्या साध्या गोळ्या आणि झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी दिलेली काही औषधेही लघवी अडवतात. म्हणजे तक्रार एक आणि कारणे दहा. म्हणूनच डॉक्टरांची तयारी महत्त्वाची.

दवाखान्यात काय घडते

जुन्या नाशकातला कोणताही गर्दीचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. बाहेर बाकावर पंधरा माणसे. साठीचे एक गृहस्थ आत येतात आणि सांगतात, 'कमर दुखती, कमजोरी है.' खरे दुखणे असते रात्री चार वेळा उठण्याचे. झोप होत नाही म्हणून थकवा, थकव्यामुळे कमजोरी. पण दाराशी सून उभी, बाकावर ओळखीचे लोक, मध्ये एक पातळ पडदा. ते बोलत नाहीत. डॉक्टर ताकदीची गोळी आणि कंबरेला मलम देतात. दोन महिन्यांनी तेच गृहस्थ जळजळ घेऊन येतात आणि प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स घेऊन जातात. लघवीची तपासणी होत नाही. पुन्हा दोन महिन्यांनी दुसरा कोर्स. एका थंडीच्या रात्री सर्दीची गोळी घेतल्यावर लघवी पूर्ण तुंबते. ओटीपोट दगडासारखे कडक होते, माणूस तळमळतो, आणि रिक्षा जिल्हा रुग्णालयाकडे धावते. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामे केले जाते आणि घरच्यांना पहिल्यांदाच कळते की हा त्रास पाच वर्षांचा होता.

हे चित्र काल्पनिक आहे, पण ज्यांच्या घरात असे झाले असेल त्यांना ते ओळखीचे वाटेल. याहून वाईट प्रकार वेदनेशिवाय होतो. मूत्राशय हळूहळू ताणत जाते, लघवी साठून राहते, उलटा दाब किडनीवर येतो. दुखत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. रात्री अंथरूण ओले होऊ लागते आणि घरातले समजतात की म्हातारपणाने ताबा सुटला. खरे तर भरलेला हंडा काठावरून सांडावा तसे ते सांडणे असते. अशा वेळी रक्तातले क्रिएटिनिन तपासले तर किडनीचे नुकसान दिसते. वयस्कर पुरुषाला नव्याने अंथरुणात लघवी होऊ लागली तर त्याला रागावू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांना काय शिकवले जाते

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. त्यांना जे जसे शिकवले गेले तसे ते वागतात. २०१९ पासून देशभर एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात विद्यार्थ्याला काय 'माहीत' असावे याबरोबर काय 'करता' यावे याचीही यादी आहे. शल्यचिकित्सेच्या भागात प्रोस्टेटच्या विकारांची लक्षणे, तपासण्या आणि उपचार आहेत, लघवी तुंबल्यावर काय करायचे ते आहे, आणि गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासण्याचे कौशल्य पुतळ्यावर किंवा तत्सम साधनावर दाखवता यावे, असेही लिहिले आहे. याच अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. ही चांगली सुरुवात आहे.

पण पुतळा लाजत नाही. पुतळ्याची सून दाराशी उभी नसते. परीक्षेत पुतळ्यावर बोट फिरवून गुण मिळवलेला डॉक्टर दवाखान्यात बसला की समोरच्या चाचांना ही तपासणी सुचवायला स्वतःच संकोचतो. शिवाय मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात विद्यार्थी जे रुग्ण पाहतो ते बहुधा पुढच्या टप्प्यातले असतात, नळी घातलेले किंवा शस्त्रक्रियेच्या यादीतले. आडगावचे मविप्रचे कॉलेज घ्या की इगतपुरी तालुक्यातले धामणगावचे एसएमबीटी, वॉर्डाचे स्वरूप असेच असणार, कारण वॉर्डात माणूस उशिराच पोहोचतो. सुरुवातीचा, सांगायला लाजणारा रुग्ण गल्लीतल्या दवाखान्यात असतो, आणि तिथे विद्यार्थी जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या वस्त्यांत पहिला डॉक्टर बहुतेक वेळा एमबीबीएस नसतो. वडाळा असो, भद्रकाली असो वा मालेगावचे यंत्रमागांचे मोहल्ले, लोक प्रथम बीयूएमएस, बीएचएमएस किंवा बीएएमएस डॉक्टरांकडे जातात. मालेगावच्या मन्सुरा परिसरातल्या मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजातून शिकलेले युनानी डॉक्टर तर गावोगाव आहेत. हे डॉक्टर घराच्या जवळचे, भाषेने जवळचे आणि फीने परवडणारे. लोक त्यांच्यावर भरवसा ठेवतात. म्हणून या दुखण्याचे प्रशिक्षण केवळ एमबीबीएसवाल्यांना देऊन भागणार नाही. ज्याच्या खुर्चीसमोर रुग्ण प्रथम बसतो त्याला ते मिळाले पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अर्धवट प्रशिक्षण दिले तर जो तो प्रत्येक म्हाताऱ्याला प्रोस्टेटची गोळी लिहून देईल आणि कर्करोग, क्षयरोग, खडा मागे लपून राहील, असे यूरॉलॉजिस्ट म्हणतात. त्यांचे चुकीचे नाही. पण प्रत्येक बारीक धारेला यूरॉलॉजिस्टकडे पाठवणे शक्य नाही. नाशिक शहरात ते आहेत, पण सुरगाणा-पेठच्या किंवा नांदगावच्या माणसाला तिथे पोहोचेपर्यंत दोन दिवसांची मजुरी जाते. मार्ग मधला आहे. पहिल्या डॉक्टरला तीन गोष्टी पक्क्या याव्यात: विचारणे, तपासणे आणि कोणाला थांबवायचे नाही हे ओळखणे. औषध लिहिणे हा त्यानंतरचा आणि ज्याच्या पदवीला मुभा आहे त्याचाच भाग.

चांगली तपासणी कशी असते

हे वाचकांनाही कळायला हवे, म्हणजे आपल्या माणसाची नीट तपासणी झाली की नाही हे समजते.

पहिले काम विचारण्याचे. १९९२ साली अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने सात प्रश्नांची एक यादी तयार केली. गेल्या महिनाभरात लघवी अपूर्ण वाटली का, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले का, धार तुटली का, घाई झाली का, धार बारीक आहे का, कुंथावे लागते का, रात्री किती वेळा उठावे लागते. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढे तीव्र. शेवटी एक आठवा प्रश्न असतो: आयुष्यभर असेच राहिले तर तुम्हाला कसे वाटेल? माझ्या मते तोच सर्वांत माणुसकीचा प्रश्न आहे. कारण एखाद्याला रात्री दोनदा उठण्याचे काही वाटत नाही, तर दुसऱ्याचे तेवढ्यानेच जगणे अवघड होते. उपचार गुणांवर जसा ठरतो तसाच या उत्तरावरही ठरतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीही सोय आहे. २०११ साली दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या डॉक्टरांनी याच प्रश्नांची चित्रे करून पाहिली: धारेचा जोर, दिवसातल्या खेपा, रात्रीच्या खेपा आणि चेहऱ्यावरचे समाधान. माणूस चित्रावर बोट ठेवतो. आपल्या दवाखान्यात भिंतीवर अशी चार चित्रे लावली तर किती चाचांचे बोलणे सोपे होईल!

दुसरे काम तीन दिवसांच्या नोंदवहीचे. किती वाजता लघवी झाली, किती झाली, काय आणि किती प्यायले. मोजायला घरातले जुने मापाचे भांडे पुरते. ही वही जे सांगते ते महागडे यंत्रही सांगत नाही. दिवसाच्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल तर वयस्कर माणसाच्या बाबतीत दोष प्रोस्टेटचा कमी आणि पायांच्या सुजेचा, हृदयाचा, झोपेचा किंवा रात्रीच्या चहाचा जास्त असू शकतो. अशा माणसाला प्रोस्टेटची गोळी वर्षभर देऊनही रात्रीचे उठणे थांबत नाही.

तिसरे काम अंगाची तपासणी. पोटावर हात ठेवून मूत्राशय भरलेले आहे का ते पाहणे, पायांची सूज पाहणे, आणि बोटाने प्रोस्टेट तपासणे. ही शेवटची तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. ग्रंथी मऊ-सारखी आहे की दगडासारखी कडक आणि खडबडीत, हे त्यात कळते. आधी नीट समजावून, परवानगी घेऊन, पडदा ओढून केली तर त्यात अपमान काहीच नाही. इलाजासाठी सतर उघडावे लागणे ही जरुरत आहे आणि जरुरतीपुरती त्याला शरीअतमध्ये मुभा आहे, हे उलमांनी नेहमीच सांगितले आहे.

चौथे काम साध्या चाचण्यांचे: लघवी, रक्तातली साखर, क्रिएटिनिन, आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते. इथे एक घरगुती सूचना. सोनोग्राफीसाठी तांब्यावर तांब्या पाणी पिऊन लघवी असह्य होईपर्यंत थांबू नका. मूत्राशय वाजवीपेक्षा जास्त ताणले गेले की निरोगी माणसाचेही पूर्ण रिकामे होत नाही आणि अहवाल उगाच घाबरवतो.

पीएसए या रक्तचाचणीबद्दलही दोन शब्द. ती प्रत्येकाला सरसकट करायची नसते. साध्या वाढीत, जंतुसंसर्गात आणि लघवी तुंबल्यानंतरही तिचा आकडा वाढतो. ती का करायची आणि आकडा वाढला तर पुढे काय, हे आधी समजावून सांगणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

आणि काही लक्षणे दिसली की औषध सुरू करून वाट पाहत बसायचे नाही: लघवीत रक्त, लघवी पूर्ण तुंबणे, थंडी वाजून ताप, क्रिएटिनिन वाढलेले, वजन उतरणे, पाठीत दुखून पाय लुळे पडणे. यातले रक्त एकदाच दिसले आणि दुखले नाही, तरीही. सिन्नरपासून नाशिकपर्यंत विडी आपल्या जिल्ह्यात घरोघर पोहोचलेली आहे, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या लघवीतले न दुखणारे रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. 'उष्णतेने झाले असेल' असे म्हणून ते सोडू नये.

उपचार पायरीपायरीने

सौम्य त्रासाला बहुतेक वेळा औषध लागत नाही. झोपण्याआधी दोन तास पाणी-चहा कमी करणे, पायांना सूज असेल तर दुपारी पाय उशीवर घेऊन पडणे, बद्धकोष्ठता टाळणे, लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करणे, एवढ्याने फरक पडतो. दिवसभराचे पाणी मात्र तोडू नये. लघवी घट्ट झाली की जळजळ वाढते आणि खडे धरतात. पाणी उतरवण्याची गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

मध्यम त्रासाला टॅमसुलोसिनसारखी औषधे देतात. ती नळीभोवतीचे स्नायू सैल करतात आणि काही दिवसांत फरक दिसतो. पण उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे फजरला अंधारात घाईने उठू नये. वीर्य बाहेर न येण्याचा परिणामही होतो. तो धोक्याचा नाही, पण आधी सांगितला नाही तर माणूस घाबरून गोळी सोडतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगावे. त्यांना ऑपरेशनची तयारी वेगळी करावी लागते. ग्रंथी बरीच मोठी असेल तर फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड देतात. त्यांचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून महिन्याभरात निराश होऊन बंद करू नयेत. या औषधांनी पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो. तो वाचताना डॉक्टरांना हे माहीत असले पाहिजे, नाहीतर खरा धोका नजरेआड होतो.

वारंवार तुंबणे, किडनीवर परिणाम, मूत्राशयात खडा, पुन्हापुन्हा संसर्ग किंवा रक्तस्राव, आणि औषधाने न भागणे, या कारणांसाठी शस्त्रक्रिया करतात. लघवीच्या वाटेने दुर्बिणीने किंवा लेझरने ती होते, पोट फाडावे लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शस्त्रक्रिया ठरली की योजनेत काय बसते ते त्यांना आधी विचारून घ्यावे आणि रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्यावे.

नमाज आणि पाकी

आपल्या घरांत या दुखण्याची एक बाजू आहे जी पाठ्यपुस्तकात नाही. लघवीच्या थेंबांपासून जपण्याची आपल्याला सक्त ताकीद आहे. त्यामुळे थेंब गळू लागले की दीनदार माणूस शरीराने कमी आणि मनाने जास्त खचतो. वुजू केला, मस्जिदीच्या पायऱ्या चढला आणि ओल जाणवली, की तो परत फिरतो. असे तीन-चारदा झाले की जमातीला येणेच सोडतो. लोक म्हणतात, आता चाचांचे मन लागत नाही. चाचा घरात एका कोपऱ्यात नमाज पढतात आणि त्यातही त्यांना शंका येत राहते. ज्याची आयुष्यभराची पहिली सफ होती, त्याच्यासाठी हे दुःख ऑपरेशनच्या दुखण्याहून मोठे आहे.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, शरीअतने अशा माणसासाठी सवलत ठेवली आहे. ज्याला एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नाही, तो हनफी मसलकाप्रमाणे माजूर ठरतो. प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी त्याने ताजा वुजू करावा आणि नमाज पढावी, त्या दरम्यान थेंब आले तरी नमाज होते. शाफई मसलकातही असे नियम आहेत, तपशील वेगळे आहेत. आपल्या आलिमांना निःसंकोच विचारा. त्यांच्याकडे हा प्रश्न नेहमी येतो.

दोन, उठल्यावर गळणाऱ्या थेंबांवर बऱ्याचदा साधा उपाय चालतो. लघवी झाल्यावर नळीच्या वाकात थोडी लघवी अडकून राहते. अंडकोशाच्या मागच्या भागावर बोटांनी हलका दाब देत पुढे सरकवले की ती निघून जाते. इस्तिब्रा करणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. बसून लघवी करण्याची आपली सुन्नतही इथे कामाची आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. निरोगी पुरुषांत उभे राहण्या-बसण्याने फरक पडला नाही, पण ज्यांना लघवीचा त्रास आहे त्यांचे मूत्राशय बसल्यावर जास्त चांगले रिकामे होत होते. गुडघे साथ देत नसतील तर कमोडवर बसावे. मस्जिदीच्या विश्वस्तांनी वुजूखान्याजवळ एक कमोड आणि धरायला दांडी बसवली तर कितीतरी बुजुर्ग जमातीत परत येतील.

रमजानमध्ये इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडे थोडे वाटून प्यावे. तरावीहनंतरचे दोन कप चहा झोप मोडतात. हजला जाणाऱ्यांनी फॉर्म भरतानाच हा त्रास तपासून घ्यावा. मिना-अरफातच्या प्रवासात तास न् तास लघवी रोखावी लागते आणि काठावर असलेले मूत्राशय तिथेच तुंबते.

हकीम लाजत नव्हते

लाज ही आपली परंपरा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला जुने ग्रंथ दाखवावेत. कुर्तुबाचे अल-जहरावी इसवी सन १०१३ च्या सुमारास वारले. त्यांच्या 'तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात मूत्राशयातला खडा काढण्याच्या आणि तुंबलेली लघवी नळीने काढण्याच्या रीती आहेत, अवजारांच्या आकृत्याही आहेत. युनानीत आजही लघवी आपोआप गळण्याला सलसुल-बौल आणि तुंबण्याला एहतिबास-ए-बौल असे वेगवेगळे नाव आहे. हजार वर्षांपूर्वी हकीम हे प्रश्न खुलेपणाने विचारत होते. त्यांच्या पदवीचा वारसा सांगणाऱ्या आजच्या डॉक्टरांना ते विचारायला संकोच का वाटावा?

काय करता येईल

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयगुण मिळवावे लागतात. त्यासाठी शहरात व्याख्याने, परिषदा होतच असतात. त्यांपैकी एक रविवार या विषयाला द्यावा, आणि त्यात बीयूएमएस, बीएचएमएस, बीएएमएस डॉक्टरांनाही बसवावे. पडद्यावरच्या चित्रांपेक्षा माणसे समोर आणावीत. एखाद्या निवृत्त शिक्षकाने लाजणाऱ्या चाचांची भूमिका करावी आणि डॉक्टरने पाच मिनिटांत खरी तक्रार काढून घ्यावी, मराठीत आणि आपल्या दखनीतही. 'पेशाब को बैठे तो देर लगती क्या? रात को कित्ते बार उठते?' एवढे दोन प्रश्न सहजपणे विचारता आले तरी पुष्कळ झाले. लघवीची नळी घालणे, बोटाची तपासणी आणि यूरॉलॉजिस्टला लिहायची चार ओळींची चिठ्ठी, यांचाही सराव त्यातच व्हावा. दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरने एक साधा हिशेब ठेवावा: या महिन्यात पन्नाशीवरचे किती पुरुष आले, कितींना विचारले, कितींची लघवी आणि साखर तपासली. असा हिशेब ठेवला की प्रशिक्षणाचा काही उपयोग झाला की नाही ते त्यालाच दिसते.

विद्यापीठाने आंतरवासितेत विद्यार्थ्यांना काही दिवस वस्तीतल्या चांगल्या दवाखान्यात बसवले तर सुरुवातीचा रुग्ण कसा दिसतो हे त्यांना कळेल. आणि महिला डॉक्टरांनीही हा विषय आपला नाही असे समजू नये. बायको किंवा सून तपासायला आली की तिला एवढेच विचारावे, 'घरात रात्री कोण वारंवार उठते?' ती सगळे सांगेल.

घराचे काम सोपे आहे. पन्नाशीवरच्या पुरुषाला डॉक्टरांकडे नेताना तीन दिवसांची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या, सर्दीच्या आणि हकीमांच्या पुड्यांसकट. त्यांना थोडा वेळ डॉक्टरांसोबत एकटे सोडा. तुम्ही बाहेर गेलात की ते बोलतात. उठताना डॉक्टरांना विचारा: लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचे का? लघवी झाल्यावर किती उरते? ही गोळी कशासाठी, आणि परत कधी दाखवायचे? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि आज रात्री कडी वाजली तर सकाळी नाश्त्याच्या वेळी, सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला बसून विचारा, 'अब्बा, झोप लागते ना?' सुरुवात करायला एवढे पुरेसे आहे.